मागं माणसं बसत्यात का?

आमचे घरमालक भाडेकरूंना त्यांच्या गावाच्या नावाने हाक मारत. मी चाळीसगाव. शेजारच्या खोलीतला परभणी. ओळीच्या टोकाला दोन जळगाव राहत होते, त्यांतल्या एकाला ते नुसतं 'जळगाव' म्हणत आणि दुसऱ्याला 'जळगाव जादा'. आमची खरी नावं त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. पण सत्तावीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला दुसरा माणूस कुठला एवढं कळलं की पुरे होत असावं. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

हे सगळं पुण्याजवळच्या माण गावातलं. आयटी पार्कने तेव्हा गावाची निम्मी शेतं गिळली होती आणि उरलेल्या निम्म्यांवर गावकऱ्यांनी आमच्यासारख्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. काकांनी भाताच्या खाचरात दहा बांधल्या. एका ओळीत, समोर लांब व्हरांडा, प्रत्येक दारावर हातभर मोठा आकडा. पहिल्या दिवशी सामान उतरवताना परभणी म्हणाला, "ह्या खोल्या नाहीत राव, हे फलाट आहेत." त्याला तेव्हा मालकांचा पूर्वेतिहास माहीत नव्हता.

सकाळी साडेसातला काका चहाची बशी घेऊन फाटकाशी उभे राहत. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक वळणावर येत आणि काका प्रत्येक ड्रायव्हरचा निकाल जागच्या जागी लावत. "क्लच जाळतंय बेणं." "ह्यो बरा हाय." "ह्याला शेळ्या राखाय लावा." एकदा मी आमच्या बसमध्ये चढत असताना त्यांनी पुढे होऊन ड्रायव्हरला खाली उतरवलं, मागच्या चाकाकडे बोट दाखवलं आणि हवा भरून आणेपर्यंत माणसं चढू दिली नाहीत. चाळीस इंजिनियर रस्त्यावर उभे. कोणीतरी ड्रायव्हरला विचारलं, हे गृहस्थ कोण? तो म्हणाला, "माहीत नाही, पण खरं बोलतायत."

त्यांचं खरं वेड मला कळायला महिना लागला. रविवारी सकाळी पाण्याची टाकी भरली नाही म्हणून सांगायला गेलो तर काकू दारातच तोंडावर बोट ठेवून उभ्या. "थांबा जरा. इमान उतारतंय."

आत पडवीत काका कॉम्प्युटरपुढे ताठ बसले होते. अंगात खाकी शर्ट. खिशावर पंचवीस वर्षं अपघात न केल्याबद्दल मिळालेला बिल्ला. हातात जॉयस्टिक. पडद्यावर एक पांढरं प्रवासी विमान हळूहळू खाली येत होतं. ते टेकलं, धावलं, थांबलं. काकांनी जॉयस्टिकला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लागली गाडी. बोल, काय पायजे?"

आधीचा एक भाडेकरू परदेशी जाताना तो कॉम्प्युटर त्यांना देऊन गेला होता, आत विमान चालवायचा हा खेळ होता. काका सहज म्हणून हँडल बघायला बसले, ते तीन वर्षं उठले नव्हते. विमानाची भाषा काही ते शिकले नाहीत. विमान सुटायचं आणि विमान लागायचं. उड्डाणाआधी ते कॅमेरा बाहेर काढून विमानाभोवती एक चक्कर मारत आणि चाकं बघत. रोजची फेरी लोहगाव ते मुंबई आणि मुंबई ते लोहगाव, खऱ्या वेळेत, एक मिनिट इकडेतिकडे नाही. खंडाळ्यावर आले की वेग कमी करायचे. मी म्हटलं, काका, खाली घाट आहे, आपण वर आहोत. ते म्हणाले, "घाट त्यो घाट." धावपट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेघेवरून त्यांनी विमान कधी नेलं नाही. ती रेघ डावी-उजवी वेगळी करण्यासाठीच असते अशी त्यांची खात्री होती, त्यामुळे सुटणं काय आणि लागणं काय, सगळं डाव्या बाजूने. आठवड्यातून एकदा मुक्कामाची गाडी असे. शनिवारी विमान नागपूरला नेऊन ठेवायचं, कॉम्प्युटर बंद करायचा आणि रविवारी नागपूरहूनच पुढे सुरू करायचं. रविवारी सकाळी कोणी "पुण्यातच आहात ना काका?" असं गमतीने विचारलं तर ते गंभीरपणे "न्हाई, नागपुरात" असं सांगत.

भारनियमनाचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं. वीज गेली तर विमान हवेतच राहणार, म्हणून त्यांनी इन्व्हर्टर आणला आणि तो फक्त कॉम्प्युटरला जोडला. दुपारी तीन तास गावात वीज नसायची तेव्हा काकू पदराने वारा घेत शेळ्यांजवळ बसायच्या आणि आत काका पुण्याहून मुंबईला जायचे. काकूंनी एकदाच पडद्याकडे नीट बघितलं होतं. विमान वळलं, काकूंना मळमळलं आणि त्यांनी लिंबू चोखत सांगितलं, "मी न्हाई बाई ह्यात बसायची."

मला वाटतं, ते त्यांच्या मनाला लागलं असावं.

एसटीच्या दिवसांतला एक प्रसंग ते स्वतःहून सांगत. ताम्हिणीच्या घाटात एकदा धुकं उतरलं आणि त्यांनी भरलेली एसटी बाजूला घेऊन उभी केली. पाऊण तास झाला, दोन तास झाले. गाडीत एक लग्नाचं वऱ्हाड होतं, मुहूर्त टळत होता. नवरदेवाचा मामा अंगावर आला. कंडक्टरही म्हणाला, मास्तर, हळूहळू काढू. काका स्टेअरिंगवरून खाली उतरून दगडावर जाऊन बसले. तीन तासांनी धुकं हटलं तेव्हा गाडी निघाली. मी विचारलं, पुढे दरड कोसळली होती का? रस्ता खचला होता? असं काहीतरी असणार अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "न्हाई. रस्ता मोकळाच हुता."

"मग उगीचच थांबलात."

"काय झालं न्हाई, म्हंजी बरूबर थांबलो."

 

निवृत्तीआधी दोन वर्षं त्यांना गाडीवरून काढलं होतं. डोळ्यांच्या तपासणीत काचबिंदू निघाला. माणूस आंधळा होतो त्यात, पण सावकाश, कडेकडेने. काकू रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत औषध घालायच्या. ती दोन वर्षं त्यांनी डेपोत काढली, गाड्या धुवायच्या आणि इथल्या तिथे लावायच्या. "गाडी हाय, स्टेरिंग हाय," ते एकदा म्हणाले, "आन् मागं वळून बघावं तर समद्या शिटा रिकाम्या. त्या परास घरी बसलेलं बरं." मग पडद्याकडे हात केला. "हितंबी त्येच हाय म्हना. रिकामी गाडी पळवतुया."

आता माझं सांगतो. मी आणि परभणी त्या काळात एका युद्धात होतो. इंटरनेटवरचा खेळ, पण हजारो माणसं एकाच वेळी एकाच नकाशावर. कोणी बंदूक घेऊन पायी, कोणी रणगाड्यात, कोणी विमानात. प्रत्येक सैनिकामागे जगात कुठेतरी एक खरा माणूस बसलेला. मेलात की दहा सेकंदांत पुन्हा तळावर उभे. आमच्या पलटणीचा प्रमुख अमेरिकेत ओहायोला राहणारा, दिवसा नळदुरुस्ती करणारा एक गृहस्थ होता. हेडफोनमधून तो हुकूम सोडायचा. आमच्याकडे रविवारची सकाळ असायची तेव्हा त्याच्याकडे शनिवारची रात्र. ब्रॉडबँड काकांच्या घरच्या फोनच्या तारेवर होतं आणि तिथून एक वायर व्हरांड्याच्या वाशांवरून आमच्या खोल्यांत आली होती, म्हणजे आमचं युद्ध तसं काकांच्या कृपेवरच चाललं होतं.

पलटणीकडे सगळं होतं, विमान नीट चालवणारा माणूस नव्हता. आम्ही लढणारी माणसं विमानात बसलो की पाच मिनिटांत आपटायचो. शेवटी ओहायोने फर्मान काढलं की प्रत्येकाने ओळखीतला एक तरी विमानाच्या खेळातला माणूस घेऊन यावा. त्याने एक आवाहनही लिहून दिलं. विमान आवडणाऱ्या मित्रांनो, तुमचं आकाश रिकामं आहे, आमच्याकडे या, इथे तुमची कोणीतरी वाट बघतंय, अशा धाटणीचं. जो चांगला पायलट आणेल त्याला उपप्रमुख करायचं ठरलं. आज हे लिहिताना हसू येतं, पण मला त्या पदाचं कंपनीतल्या बढतीपेक्षा जास्त अप्रूप होतं. आणि माझ्या घरमालकाने तीन वर्षांत एकदाही विमान आपटलं नव्हतं.

मी ते आवाहन मराठीत करून काकांना वाचून दाखवलं. ते शेळीच्या पायातला काटा काढत होते.

"तिथे बंदुका आहेत विमानाला," मी म्हणालो.

"कशाला?"

"शत्रूला पाडायला. खरे शत्रू असतात काका, खरी माणसं."

"शत्रू कशाला पायजे वेगळा? भावकी हाय की."

मी दोन रविवार हरलो. तिसऱ्या रविवारी परभणी शेंगा सोलत बसला होता. तो सहज म्हणाला, "काका, सगळ्याच विमानांना बंदुका नाहीत. एक मोठं आहे दोन पंख्यांचं. त्यात मागे चौदा जण बसतात."

काकांनी शेळी सोडून दिली. "मागं माणसं बसत्यात का?"

"हो."

"खरी?"

"खरी. मीसुद्धा बसू शकतो."

त्यांनी हात धुतले आणि आत जाऊन खाकी शर्ट घातला.

ती माणसं कशासाठी बसतात हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. राहून वगैरे गेलं नव्हतं. ते छत्रीधारी सैनिक असतात, शत्रूच्या गावावर विमानातून उड्या मारतात आणि त्यांतले बहुतेक तिथेच मरतात, हे कळलं तर काका पुन्हा शेळीकडे जातील हे मला पक्कं माहीत होतं.

माझा नवा कॉम्प्युटर त्यांच्या पडवीत नेऊन ठेवला. दोन आठवडे त्यांनी एकट्याने सराव केला. मग तो रविवार आला. पलटण धावपट्टीवर जमली. काकांनी अट घातली की हेडफोन नको, आवाज बाहेर हवा, प्रवाशांचं ऐकू आलं पाहिजे. चौदा जण मागे चढले. चौदावा परभणी, तीन खोल्या पलीकडून.

"कोन कोन हाय मागं?"

मी पडद्यावरची नावं वाचू लागलो. अक्षरांची आणि आकड्यांची नुसती खिचडी. काकांनी हात वर केला. "नावं ऱ्हाऊ दे. कुटले हायेत?"

लढाईला निघालेल्या पलटणीला मी इंग्रजीतून विचारलं, पायलटला कळायला हवंय, तुम्ही सगळे कुठले? मग एकेक गाव यायला लागलं. ओहायो. टेक्सास. स्कॉटलंड. ब्राझील. स्वीडन. पुन्हा टेक्सास.

"टेक्सास जादा," काका म्हणाले.

स्वीडनमध्ये आत्ता पहाटेचे पाच वाजलेत असं मी सांगितलं, तेव्हा ते हळहळले. "पाटंची गाडी धरली बिचाऱ्यानं." मग विमान काही हलेना. ओहायो विचारू लागला, काय अडचण आहे? मी काकांकडे बघितलं, काका माझ्याकडे बघत होते.

"डबल दे की मास्तर."

कंडक्टरने दोनदा घंटी वाजवल्याशिवाय त्यांनी सत्तावीस वर्षांत गाडी हलवली नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलं, चहाचा स्टीलचा पेला होता, त्यावर चमच्याने दोनदा वाजवलं. विमान सुटलं. धावपट्टीच्या डाव्या बाजूने.

पंचवीस मिनिटं मी त्यांना बघत होतो. पडद्यावरचं आकाश तेच, ढग तेच, पण माणूस निराळा दिसत होता. दर दोन मिनिटांनी विचारायचे, "बसलीत न्हवं समदी?" मी म्हणायचो, बसलीत. मग मागून ब्राझीलने काहीतरी विनोद केला आणि सगळे हसले. काकांना तो कळला नव्हता, तरी तेही हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

मग शत्रूचं गाव दिसू लागलं आणि खालून तोफा सुरू झाल्या. विमानाच्या पुढे काळ्या धुराचे गोळे फुटायला लागले.

"ह्ये काय?"

"तोफा आहेत. काही नाही, सरळ चला. गावावर आलो की ते उड्या मारतील."

"कोन?"

"मागचे. सगळे."

काकांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "आन् परत कोन आननार त्यास्नी?"

"परत नाही आणायचं काका. ते मरतील नाहीतर जिंकतील. मेले तरी दहा सेकंदांत..."

त्यांनी हँडल डावीकडे घेतलं. झटका नाही, गडबड नाही, घाटात मोठी गाडी वळवावी तसा पूर्ण, रुंद वळसा. गाव उजवीकडे सरकत सरकत पडद्याबाहेर गेलं. ओहायो ओरडायला लागला. काकांना इंग्रजी शिव्या कळत नव्हत्या, पण प्रवासी ओरडतोय हे कळत होतं आणि त्याची त्यांना सवय होती.

"त्यास्नी सांग, बसून घ्या. म्होरं रस्ता बंद हाय."

मी सांगितलं. माझ्या आयुष्यात एवढ्या लाजेने मी दुसरं कुठलंही वाक्य बोललेलो नाही. परतीच्या पंचवीस मिनिटांत टेक्सास आणि टेक्सास जादा यांनी माझ्या देशाबद्दल, ओहायोने माझ्याबद्दल मतं मांडली. स्वीडनला राग अनावर झाला आणि त्याने मधेच, आमच्याच हद्दीतल्या शेतांवर, उडी मारली. काका विमान घेऊन आले, अलगद टेकवलं, थांबवलं. मी एकदा पेला वाजवला. त्यांनी पडद्यावरचा आकडा बघितला.

"तेरा?"

"एकाने उडी मारली."

"कुनी?"

"स्वीडनने."

त्यांनी खिशावरचा बिल्ला काढून कपाटात ठेवला.

मला पलटणीतून काढलं. उपप्रमुख टेक्सास जादाच्या मित्राला केलं. मी पंधरा दिवस काकांशी बोललो नाही. सकाळी फाटकातून जाताना दुसरीकडे बघायचो. एका म्हाताऱ्याने खेळाचा विचका केला असं मला वाटत होतं आणि तसं ते खरंही होतं. पण रोज संध्याकाळी मी आलो की व्हरांड्यातून आवाज यायचा. "चाळीसगाव, स्वीडन पोचला का?"

मी दार लावून घ्यायचो. एक दिवस चिडून म्हणालो, "काका, तो त्याच्या घरी खुर्चीत बसलाय! चहा पितोय! त्याला काहीही झालेलं नाही!"

"त्ये मला कळतंय रं. पोचला का, एवढंच इचारतुया."

त्या दिवसांत ते विमान चालवत नव्हते, हे मला परभणीकडून कळलं. शेवटी मी स्वीडनला चार ओळी लिहिल्या. आमचे पायलट सत्तावीस वर्षं बस चालवत होते, त्यांचा एक प्रवासी कमी भरलाय, तरी कृपया कळवावं. उत्तर यायला चार दिवस लागले. मी ते घेऊन पडवीत गेलो.

"काय म्हंतुया?"

"म्हणतो, शेतात उतरलो. तिथून चालत तळावर गेलो. दीड तास लागला. पोचलो."

तो का चालत गेला असेल? मेला असता तर दहा सेकंदांत तळावर आला असता. काकांनी मान हलवली, कपाट उघडलं, बिल्ला लावला आणि काकूंना म्हणाले, "भाकरी वाढ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक जाहिरात लिहायला बसवलं. खेळाच्या फलकावर लावायची, इंग्रजीत. मी जशीच्या तशी लिहिली. दर रविवारी, भारतीय वेळ सकाळी नऊ, मागच्या तळावरून पुढच्या तळावर विमान सुटेल. परतीची गाडी दहा वाजता. सर्वांना बसता येईल. मधे उडी मारू नये.

त्या खेळात अशा प्रवासाचा उपयोग शून्य होता. पुढच्या तळावर जायचं तर एक बटण दाबलं की झालं. लोकांनी जाहिरातीखाली यथेच्छ टवाळी केली. पण पहिल्याच रविवारी नऊ वाजता धावपट्टीवर दोन जण उभे होते, त्यांत एक स्वीडन. पुढे कधी चार असायचे, कधी सात. एकदा तर ओहायोही येऊन बसला, शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही, उतरताना फक्त 'थँक यू' म्हणाला. ही माणसं कशासाठी बसायची ते मला सांगता येणार नाही. आजूबाजूला युद्ध चालू असायचं आणि त्यातून एक विमान डाव्या बाजूने सावकाश जायचं आणि सावकाश यायचं. सव्वादोन वर्षं. मी पेला वाजवायचो.

दरम्यान पडदा त्यांना कडेने दिसेनासा होत चालला होता. "बाजूचं दिसंना झालंय," ते सांगत, "समोरचं दिसतंय. इमानाला बाजूचं काय लागतंय?" मग माझं लग्न झालं आणि मी बावधनला फ्लॅट घेतला. बावधन माणपासून अर्ध्या तासावर, त्यामुळे जाणं झालंच नाही.

दोन हजार दहामध्ये पासपोर्टसाठी जुन्या पत्त्याचा कागद हवा होता म्हणून एका रविवारी दुपारी गेलो. कागद नसता लागला तर गेलो नसतो, हे कबूल करतो. काका पडवीत खाटेवर बसले होते. चेहरा माझ्याकडे वळला, डोळे वळले नाहीत.

"कोन?"

"मी चाळीसगाव."

"कुटनं आलास?"

"बावधनहून. तिथेच राहतो आता."

"मंग बावधन म्हन की."

कॉम्प्युटर जागेवर होता, वर धुतलेलं फडकं. काकू म्हणाल्या, दर रविवारी पुसून ठेवते. काकांनी कागदावर मी बोट ठेवलं तिथे सही केली आणि म्हणाले, "गाडी आट म्हयने डेपोत हाय. काढ भाईर. लोहगाव-मुंबई."

"मला येत नाही काका."

"इतकी वर्सं लढाया केल्यास न्हवं?"

"लढाईत उतरावं लागत नाही."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. "मंग आज उतार. मागं माणूस हाय, एवढं ध्यानात ठेव." आणि काकूंकडे हात केला. काकूंनी न विचारता पेला आणि चमचा आणून दिला.

मी चाकं बघितली. डाव्या बाजूला उभा राहिलो. मागे टण टण वाजलं.

चाळीस मिनिटं मी घाम पुसत होतो. काका घड्याळाशिवाय सांगत होते. आता लोणावळा आलं आसंल. आता हळू घे, घाट हाय. आता खाडी दिसंल. प्रत्येक वेळी ते बरोबर होते. धावपट्टी समोर आली. हजार वेळा मेलेला माणूस मी, मला त्या विमानाचं काय होईल याची कधी पर्वा वाटली नव्हती, आणि आता खाटेवरचा म्हातारा पडू नये एवढंच डोक्यात होतं. विमान टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं, वाकडं होत होत शेवटी थांबलं. डाव्या बाजूलाच.

मी वळून बघितलं. काकांनी दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली होती.

"लागली?"

"लागली."

त्यांनी एक हात सोडवला, चाचपडत चमचा उचलला आणि पेल्यावर एकदा वाजवलं. मग जरा सरकून, नीट मांडी घालून बसले.

"परतीची कितीला सोडतुयास?"

बावधनला तासाभरात येतो असं सांगून निघालो होतो. बायकोला फोन केला आणि सांगितलं की उशीर होईल, मागे माणूस बसलेला आहे. ती काय म्हणाली ते ऐकलं नाही. विमान वळवून लावलं, चाकं बघितली आणि डबल बेलची वाट बघत बसलो.